हातमशीन, पेटीसकट

दिवेआगरात जुन्या घराला आता चांगलं गिऱ्हाईक आहे. घराचं ‘होम स्टे’ होतं, कौलं जाऊन पत्रा येतो, पडवीला जाळी लागते. त्याआधी माळा रिकामा करावा लागतो. माळ्यावरून जे जे उतरतं त्यातल्या एका वस्तूची आणि तिच्या गोतावळ्याची ही नोंद. हंडे, घंगाळी, समया यांना मोडीतही भाव येतो, त्यांची काळजी करायला बरेच जण आहेत. हिची कोणी करत नाही.

हातमशीन. काळं, बिडाचं, पेटीसकट दहा-बारा किलोंचं. अमेरिकेत जुनं पोर्टेबल मशीन म्हटलं की शौकिनांना आठवतं ते सिंगरचं फेदरवेट. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, वजन पाचेक किलो, चालायचं विजेवर. तिकडच्या गोधड्या शिवणाऱ्या बायका आजही ते शोधत फिरतात. १९३३ साली दिवेआगर जंजिऱ्याच्या नवाबाच्या राज्यात होतं आणि संध्याकाळ झाली की कंदील लागायचे. इथलं पोर्टेबल म्हणजे हे हातमशीन. जड असलं तरी एका माणसाला उचलता येतं, आणि त्याला कशाचीच वाट बघावी लागत नाही. ना विजेची, ना टेबलाची. पाटावर ठेवायचं आणि एक पाय पसरून समोर बसायचं. पायमशीनला खुर्ची लागते. आमच्याकडे माजघरात खुर्ची फार उशिरा आली, तीही पुरुषमाणसांसाठी. हातमशीन इतकं रुजलं त्याचं निम्मं कारण हेच असावं.

हँडल. लाकडी मुठीचं. मूठ इतकी वापरलेली की एका बाजूला चपटी झालेली. हँडल आपल्यापासून दूर फिरवलं की मधल्या दातेरी चाकामुळे मोठं चाक उलट, आपल्या बाजूला फिरतं. हँडलच्या एका फेऱ्यात तीनेक टाके पडतात. उजवा हात हँडलला बांधलेला, म्हणून कापड सांभाळायचं ते एकट्या डाव्या हातानं. अंगठा वर, दोन बोटं खाली, करंगळीनं मागचा भाग ओढून धरायचा. गळ्याची गोलाई शिवताना डावा हात कापड वळवतो आणि उजवा त्याच क्षणी हळू होतो. पायमशीनवर शिकलेल्याला हे पटकन जमत नाही. सरळ लांब शिवण असली, परकराचा घेर किंवा चादरीची कड, की घरातलं एखादं पोर हँडलला बसवायचे. ‘हळू मार’, ‘थांब’, ‘आता मार’. पोराला वाटायचं आपणच शिवतोय.

स्फिंक्स. सिंगरच्या पुष्कळ मशिनांवर सोनेरी चित्र असतं, पंखवाली स्फिंक्स. शरीर सिंहाचं, तोंड बाईचं. आपल्या नरसिंहाच्या उलट. इजिप्तशी हिचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. खंडेनवमीला कोयते, विळे, आकड्या पाटावर मांडायच्या त्यांच्या शेजारी मशीन. पुढच्या कडेवरचं सोनं आधी जातं, कारण तिथं कापड आणि मनगट घासतं. मागचं शाबूत राहतं. म्हणून मशीन किती चाललंय ते बघायचं तर पुढून बघावं, आणि नवं असताना कसं दिसत होतं ते मागून.

नंबर. उजव्या हाताला, खालच्या पाटावर, बिडातच उठवलेला. विसाव्या शतकातल्या सिंगरच्या नंबरापुढे अक्षर असतं. एफ किंवा वाय असेल तर मशीन स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकचं. जे असेल तर कॅनडाचं. आपल्याकडे सापडतात ती बहुतेक क्लाइडबँकचीच. तिथला कारखाना १८८५ साली सुरू झाला. १९१३ या एका वर्षात तेथून तेरा लाखांवर मशिनं बाहेर पडली. १९८० साली तो बंद झाला, पाडलाही. रेल्वे स्टेशन तेवढं उरलंय, त्याचं नाव अजून ‘सिंगर’च आहे. कारखाना गेला आणि माल इथं श्रीवर्धन तालुक्यात माळ्यावर पडून आहे, तोही चालू शकेल अशा अवस्थेत.

पेटी. अर्धगोल लाकडी झाकण, वर पितळेची किंवा लोखंडी मूठ. पातळ लाकूड वाफेवर वाकवून केलेलं. १९४१ च्या मार्चात जर्मन विमानांनी क्लाइडबँकवर बॉम्ब टाकले तेव्हा सिंगरचं लाकडाचं आवार जळून गेलं. इथं पेटीला तसा शत्रू एकच, वाळवी. बीड पचत नाही म्हणून ती पेटी खाते. मशीन उचलायला जावं तर मूठ हातात येते आणि खाली भुसा.

पेटीची चावी. हरवलेली. घरोघरी.

कप्पा. मशीनच्या लाकडी बैठकीत, उजवीकडे, सरकत्या झाकणाखाली. हा आधी उघडावा. आत सापडतात: चपटा खडू, गंजलेले हूक, प्रेसबटणं, दोन-तीन सुया तेलकट कागदात, कात्रीची अर्धी दांडी, पोलक्याचं एकच मोत्याचं बटण, भोकाचा पैसा. भोकाचा तांब्याचा पैसा १९४३ ते १९४७ एवढाच काळ निघाला. तेव्हा कप्पा निदान तितका जुना. क्वचित नसबंदीच्या लाल त्रिकोणाचं पत्रक, रेशनकार्डाचा तुकडा, कोणाच्या तरी छातीचं आणि उंचीचं माप पेन्सिलीनं लिहिलेलं. नाव नसतं. घरातल्या माणसाच्या मापाला नाव कशाला लागतं?

शटल. हिच्याविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण मशिनं मरतात ती बहुधा हिच्यावाचून. शिवणयंत्राचा टाका दोन धाग्यांचा. वरचा धागा सुई खाली नेते, सुईचं भोक टोकाशी असतं, सुई किंचित वर आली की तिच्या मागे धाग्याचा फास पडतो. त्या फासातून खालचा धागा पलीकडे गेला पाहिजे, तरच गाठ बसते. जुन्या सिंगरमध्ये हे काम होडीच्या आकाराची पोलादी शटल करते. लांबी बोटाएवढी, एक टोक निमुळतं. पोटात सडपातळ लांब बॉबिन. कोष्ट्याच्या धोट्यासारखी नव्हे, घड्याळाच्या लंबकासारखी ती कमानीत पुढे-मागे जाते आणि प्रत्येक खेपेला फासातून सुळकन निघते. सरकती पट्टी उघडून हँडल सावकाश फिरवावं आणि बघत बसावं. दीडशे वर्षांपूर्वीची अक्कल डोळ्यांसमोर काम करते. झाकून ठेवलेलं काहीच नाही.

ही शटल सुटी निघते. म्हणून हरवते. पोरं खेळायला नेतात, मशीन दुसऱ्या घरी जाताना ती खणात राहते. नंतर आलेल्या मशिनांत गोल बॉबिन आलं. आपल्याकडची उषा आणि लुधियानाची बहुतेक काळी मशिनं सिंगरच्या पंधरा नंबरच्या घडणीवर बेतलेली आहेत, त्यांचे बॉबिन, बॉबिन केस, सुई आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात. होडीच्या शटलच्या मशीनला सुई हीच चालते. अडतं ते शटलपाशी. तेव्हा मशीन विकत घेताना रंग, पेटी, स्फिंक्स यांच्याकडे बघू नये. पट्टी सरकवून शटल आत आहे का ते बघावं.

लाकडी रीळ. धागा संपल्यावर रबर, मेणबत्तीचा तुकडा आणि काडी लावून त्याची गाडी व्हायची. प्लॅस्टिकच्या रिळाची होत नाही.

हप्त्याची पावती. सिंगर कंपनीनं हप्त्यानं विकायची रीत १८५६ च्या सुमारास अमेरिकेत काढली आणि मशीनबरोबर ती जगभर नेली. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन एवढ्या मुलखाचा सिंगरचा कारभार मुंबईत बसून नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी पुष्कळ वर्षं पाहिला. धंदा सोपा नव्हता. ज्या देशात पुरुष धोतर नेसतो, बाई नऊवारी नेसते आणि दोन्ही वस्त्रं न शिवता अंगावर येतात, तिथं शिवणयंत्र विकायचं. खणाची चोळीसुद्धा हातशिलाईची. पुढे झंपर आलं, पोलकं आलं, सदरा आला, शाळेची खाकी चड्डी आली, आणि मशीनला काम मिळालं. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथं मुलींना आणि विधवांना शिवण शिकवत. नवरा गेलेल्या बाईला घर न सोडता चार पैसे मिळवून देणाऱ्या वस्तू तेव्हा किती होत्या? जातं, पाटा आणि हे.

गांधीजींनी यंत्रांविरुद्ध इतकं लिहिलं, पण शिवणयंत्राला सूट दिली. १९२४ साली ‘यंग इंडिया’त छापलेल्या एका संभाषणात ते सिंगरचं नाव घेऊन सांगतात की बायकोचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून त्यानं हे यंत्र केलं. गोष्ट गोड आहे. खरा आयझॅक सिंगर नाटकात कामं करणारा, एकाच वेळी दोन-तीन संसार मांडलेला आणि दोन डझनांच्या आसपास मुलांचा बाप. १८५१ चं पेटंट त्यानं घेतलं ते पैशासाठी. सूट माणूस बघून दिली असती तर चुकलीच असती. वस्तू बघून दिली म्हणून बरोबर ठरली.

शिंपी बसवणं. लग्नघरात किंवा गणपतीआधी शिंपी घरी यायचा, मशीन डोक्यावर. ओटीवर त्याची बैठक. चहा, जेवण घरचं. ताग्यातून सगळ्या पोरांचे सदरे एकाच कापडाचे, म्हणून गणपतीच्या आरतीच्या फोटोत सगळी भावंडं एकाच रेघांची. शिंपी गेला की चिंध्यांचा ढीग मागे राहायचा, त्याची गोधडी. आता श्रीवर्धनला, बोर्लीला तयार कपड्यांची दुकानं आहेत आणि मोबाइलवर मागवलेलं पाकीट थेट वाडीत येतं.

शिवलं जात होतं ते. कुंची. टोपडं. झबलं, बंद मागे. परकर-पोलकं. गड्यांची कोपरी. बंडी, आतून खिसा. जुन्या पँटीच्या पायाची बाजाराची पिशवी. दप्तर, पट्टा दुहेरी शिवणीचा. उशीचे अभ्रे, त्रिकोणी तुकड्यांचे. यातली पिशवी परत आली आहे, प्लॅस्टिकबंदीच्या कृपेनं. बाकीचं बारशाच्या फोटोपुरतं, तेही विकतचं.

लाल पारा. २००९ च्या एप्रिलात सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगर मशीनच्या सुईत ‘लाल पारा’ असतो. सुईजवळ मोबाइल धरला आणि लाइन तुटली की ओळखावं, मशीन खरं. किंमत दोन लाख रियालपर्यंत गेली म्हणे, शिंप्यांच्या दुकानांत चोऱ्या झाल्या. पारा-बिरा काही नसतो. असतं ते तेल आणि धाग्यांचा मळ. श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन या बाजूच्या कितीतरी घरांतली माणसं आखातात नोकरीला असतात, त्यांच्या कानांवर हे नक्की गेलं असणार. लोभानं का होईना, दोन दिवस जगाला हातमशीनची किंमत कळली.

पेटीत सापडलेल्या वस्तूची किंमत दिवेआगरला वेगळी सांगायला नको. १९९७ च्या नोव्हेंबरात इथल्या पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, आत सोन्याचा गणपतीचा मुखवटा. २०१२ च्या मार्चात दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले, मुखवटा वितळवला गेला. पुढे नवा घडवला आणि २०२१ साली बसवला. सोनं पुन्हा ओतता येतं. क्लाइडबँकचं बीड पुन्हा ओतणारं कोणी नाही.

खारी हवा. समुद्रापासून जितकं घर जवळ, तितकं चाकावरचं निकेल लवकर फुलतं. आधी बारीक फोड, मग पापुद्रे. चार महिने पावसाळा वेगळा. यावर उपाय एकच होता, रोज वापरणं. ज्या घरात मशीन चालत राहिलं तिथं ते किनाऱ्याला लागून असूनही गंजलेलं नाही. ज्या घरात जपून ठेवलं तिथं गेलं.

रॉकेल. जाम झालेलं मशीन सोडवायला लागतं. रेशनवरचं आता येत नाही, तेव्हा ही वस्तूही संपत चाललेल्यांच्या यादीत. रीत अशी. चाक जोरानं फिरवायचा मोह आवरायचा. वरची तेलाची भोकं, मागचं गोल झाकण, सुईचा दांडा, आडवं करून खालचे सांधे, सगळीकडे दोन-दोन थेंब. रात्रभर ठेवायचं. सकाळी चाक केसभर पुढे, केसभर मागे. पुन्हा थेंब. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांध्यांतून तपकिरी, राळेसारखं काहीतरी सुटायला लागतं. ते जुनं तेल. मग सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उघडायची. दात्यांच्या खाली धाग्यांचा गच्च बसलेला थर असतो, नमद्यासारखा. तो दाभणानं अख्खा उचलता आला तर उचलावा. कडेनं बघितलं की रंगांचे पदर दिसतात. वर लाल, गणपतीच्या मखराचं असावं. खाली खाकी. त्याखाली जाड पांढरा, मांजरपाटाचा. अगदी तळाला खादीचा पिवळट. घरात कोणत्या क्रमानं काय शिवलं गेलं याचा दुसरा दाखला कुठे मिळणार? मी असा एक थर काडेपेटीत ठेवला आहे.

बॉबिन भरायच्या चाकाचं रबर तडकलेलं असतं. नळाचं सामान विकणाऱ्याकडची रबरी रिंग बसते. बाकी रबर या मशीनमध्ये नाहीच, म्हणून ते टिकलं.

वीज. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातच ते दुपारी किनाऱ्यावर चढलं. पोफळी वाडीच्या वाडी आडव्या, नारळ मुळासकट, कौलं, पत्रे, विजेचे खांब कुठले कुठे. वीज परत यायला आठवडे लागले. टाळेबंदीही चालू होती, बाजार बंद. मोटरची नवी मशिनं गप्प बसली. ज्यांच्याकडे हातमशीन चालू होतं त्यांनी भिजलेल्या साड्यांचे पडदे केले, ताडपत्रीच्या कडा दुमडल्या, जुन्या सुती लुगड्यांचे मास्क शिवले. हे भावनेचं बोलत नाही. वीज जाते तेव्हा जे चालतं ते घरात असावं, एवढाच हिशेब आहे.

टेबल. हे सध्या फार चालतं. पायमशीनचा बिडाचा सांगाडा, वर काच किंवा पॉलिश केलेली फळी, त्यावर नाश्त्याचे घावन. पर्यटक फोटो काढतात. हातमशीन असेल तर त्याचा दिवा करतात, पोटात भोक पाडून वायर घालतात. मालकाला वाटतं आपण जपलं. मला हे भंगारात घालण्यापेक्षा वाईट वाटतं. भंगारातलं मशीन निदान मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखाद्या जाणत्याच्या नजरेला पडू शकतं, तिथून त्याची शटल तरी दुसऱ्या मशीनला मिळते. भोक पाडलेलं कायमचं गेलं. भिंतीवरच्या कोनाड्यात ते ठेवायला हरकत नाही, पण फिरतं ठेवा. येणाऱ्या पाहुण्याच्या पोराला हँडल मारू द्या. मॉलमधल्या खेळण्यापेक्षा त्याला ते जास्त आवडतं, हे मी बघितलं आहे.

सरकारी मशीन. जिल्हा परिषदेतून बायकांना शिलाई मशीनवाटप होतं, २०२३ पासून विश्वकर्मा योजनेत शिंप्याला हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. चांगलंच आहे. पण जुनं दुरुस्त करून द्यायची तरतूद कुठल्याच कागदात नाही, आणि दुरुस्ती करणारा माणूस हीच खरी संपत चाललेली चीज. सायकलला पेटी अडकवून गावोगाव फिरणारा, ‘मशीन रिपेऽऽर’ अशी हाळी घालणारा आता येत नाही. जे आहेत ते साठीच्या पुढचे. त्यांच्या हाताखाली कोणी नाही.

तुमच्या माळ्यावर असं मशीन असेल तर एवढं करा. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी पट्टी सरकवून शटल बघा आणि नंबर उतरवून घ्या. घरात ज्यांना ते चालवता येतं, आजी असतील, आत्या असतील, त्यांना पाटावर बसवून एक शिवण मारून घ्या, आणि त्यांचा डावा हात नीट बघा. तेल मात्र मशीनचंच घाला. कोकणात खोबरेल हाताशी असतं म्हणून घालतात, ते थंडीत थिजतं, मग चिकट होतं, आणि मशीन जाम होतं.